कावळ्याचं अंतर, चपलेचं अंतर

तुमच्या घरापासून तुमची शाळा किती लांब आहे?

कुणी म्हणेल एक किलोमीटर, कुणी म्हणेल दहा मिनिटं, कुणी म्हणेल, ‘ते काय, मारुतीच्या देवळामागं!’ सगळी उत्तरं मान्य. पण पुढचा प्रश्न ऐका. हे अंतर कुणाचं सांगितलंत? कावळ्याचं की चपलेचं?

कावळा तुमच्या गच्चीवरून उडाला की नाकासमोर सरळ जातो. त्याला ना कंपाउंडची भिंत आडवी येते, ना ओढा, ना रेल्वेचे रूळ. चपलेला मात्र रस्ता जाईल तसंच जावं लागतं. म्हणजे कुठल्याही दोन जागांमध्ये अंतरं दोन असतात. आणि गंमत अशी, की तुम्ही शाळेत चालत जाणार, सायकलवर जाणार की बाबांच्या गाडीवर मागं बसून जाणार, हे ठरवताना कावळ्याच्या अंतराला कुणी विचारतच नाही. चालते ती चपलेच्या अंतराची. आणि ते ठरतं रस्ते एकमेकांना कुठे आणि कसे जोडलेत त्यावरून.

पटत नाही? मग पुणे जिल्ह्यातली दोन गावं बघू. एक दौंड, एक शिरूर.

रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

दौंड म्हटलं की आठवतं जंक्शन. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेली रेल्वे १८५८ मध्ये इथून पुढे गेली. मग १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला. पुढे बारामतीचाही निघाला. रूळ वाढत गेले, यार्ड पसरत गेलं आणि गाव रुळांच्या दोन्ही बाजूंना वाढलं. एका बाजूला भीमा नदीकडचं जुनं गाव आणि बाजार, दुसऱ्या बाजूला गोपाळवाडी-कुरकुंभकडचा भाग.

आता रूळ काही रस्त्यासारखे नसतात. मनात आलं, डावी-उजवीकडे बघितलं आणि ओलांडले, असं चालत नाही. तसं करणं जिवावर बेतू शकतं आणि तो कायद्याने गुन्हाही आहे. ओलांडायचं ते ठरावीक जागीच. दौंडमधली अशी सगळ्यांत प्रसिद्ध जागा म्हणजे कुरकुंभ मोरी. वर रेल्वे, खाली अरुंद बोगद्यासारखी वाट.

या मोरीच्या तोंडाशी गर्दीच्या वेळी उभं राहून बघा. शाळेच्या रिक्षा, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली, भाजीची गाडी, एखादा ट्रॅक्टर आणि भिंतीला घासून चालणारी माणसं. आत शिरताना दुचाकीवाला हॉर्न देतो आणि तो आवाज भिंतींवर आपटून आणखी मोठा होतो. जोराचा पाऊस झाला की पाणी उताराने इथेच येऊन साचतं. मग पायी चालणारे सगळ्यांत आधी माघारी फिरतात. गावभरच्या रस्त्यांवरची माणसं एका नसराळ्यात ओतावीत, तसं इथे होतं. वरचं तोंड ऐसपैस, खालची नळी चिंचोळी.

पण माझा मुद्दा नुसत्या गर्दीचा नाही. अशा एका मोरीमुळे माणसं चालणं का सोडतात, ते बघायचंय. त्यासाठी गणिताची वही आणा. चौकटीचीच हवी!

पस्तीस वाटांचं गाव

वहीत एक गाव वसवू. प्रत्येक रेघ म्हणजे गल्ली आणि दोन रेघा जिथे छेदतात तो चौक. एक चौकोन म्हणजे १०० मीटर. डाव्या-खालच्या कोपऱ्यातल्या चौकावर सायलीचं घर काढा. तिथून तीन चौकोन उजवीकडे आणि चार चौकोन वर मोजा. तिथे शाळा.

कावळ्याचं अंतर किती? पायथागोरसला विचारा. तीन आणि चार बाजू असल्या की कर्ण पाच. म्हणजे ५०० मीटर. चपलेचं अंतर किती? तीन अधिक चार, सात चौकोन. ७०० मीटर. चपलेच्या अंतराला कावळ्याच्या अंतराने भागा. ७ भागिले ५ म्हणजे १.४. या आकड्याला आपण ‘वळसा’ म्हणू. वळसा १ म्हणजे सरळ रस्ता. आकडा जितका मोठा, तितकी पायपीट जास्त.

आता पेन्सिलीने घर ते शाळा वेगवेगळ्या वाटा काढा. आधी उजवीकडे मग वर, किंवा आधी वर मग उजवीकडे, किंवा जिना चढल्यासारखं थोडं उजवीकडे, थोडं वर. फक्त मागे वळायचं नाही. अशा किती वाटा निघतील? पाच? दहा?

पस्तीस! आणि पस्तीसच्या पस्तीस अगदी ७०० मीटरच्या. एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला, दुसरीत रस्ता खोदलाय, तिसरीत भुंकणारा कुत्रा बसलाय, तरी सायलीला काळजी नाही. एक मीटरही जादा न चालता ती शाळेत पोचते.

आता खालून तिसरी चौकोनांची अख्खी रांग आडवी काळी करा. तिथून रेल्वे जाते. उभ्या गल्ल्या सगळ्या तिथे तुटल्या. मोरी एकच, शाळेच्या उभ्या रेघेच्याही पुढे दोन रेघा उजवीकडे. सायली आता काय करणार? मोरीच्या रेघेपर्यंत पाच चौकोन उजवीकडे, चार वर आणि मग दोन माघारी डावीकडे. एकूण अकरा. ११०० मीटर. वळसा १.४ वरून २.२ वर गेला. घर तिथेच आहे, शाळा तिथेच आहे, कावळ्याचं अंतर अजूनही ५०० मीटरच आहे.

दप्तर घेऊन ताशी चार किलोमीटर वेगाने चाललं तर १०० मीटरला दीड मिनिट लागतं. आधी साडेदहा मिनिटांत पोचणारी सायली आता साडेसोळा मिनिटं घेणार. दोन दिवस ती जाईल. तिसऱ्या दिवशी म्हणेल, ‘बाबा, गाडीवर सोडा ना!’

आता एक उलटंच वाटणारं सत्य सांगतो. रुळांचा सगळ्यांत जास्त फटका लांबच्यांना बसत नाही, जवळच्यांना बसतो. सायलीच्या शाळेच्याच उभ्या रेघेवर, रुळांना चिकटून अलीकडे एक घर काढा आणि बरोबर समोर, पलीकडे, आयानचं घर. दोघांच्या गच्च्या समोरासमोर. पतंग कापला तर एकमेकांच्या गच्चीत पडेल! कावळ्याचं अंतर १०० मीटर. चपलेचं? दोन चौकोन उजवीकडे, एक वर, दोन डावीकडे. ५०० मीटर. वळसा पाच! नुसती हाक मारली तर ऐकू येईल असा मित्र, पण त्याच्याकडे जायचं तर सायकल काढावी लागते.

आणि एवढ्यावर भागत नाही. सायलीच्या बाबांनी गाडी काढली, आयानच्या काकांनी काढली, गल्लीतल्या सगळ्यांनीच काढली. त्या सगळ्या गाड्या जाणार कुठून? त्याच मोरीतून. मोरीत गाड्या वाढल्या की चालणाऱ्याला भीती वाटते. भीती वाटली की तोही गाडी काढतो. मग गाड्या आणखी वाढतात. असं ते चक्र फिरत राहतं.

गाडी उलटी का निघाली?

वळशाची अडचण फक्त माणसांना असते असं समजू नका. रेल्वेगाडीलाही असते, आणि त्याचंही उदाहरण दौंडलाच सापडतं.

दौंड स्थानकात पुण्याकडचे रूळ आणि मनमाडकडचे रूळ एकाच टोकाला येऊन मिळतात. त्यामुळे सोलापूरहून मनमाडला जाणारी गाडी सरळ निघून जाते. पण पुण्याहून मनमाडला जाणारी गाडी आली की पंचाईत! ज्या टोकाने आत आली, त्याच टोकाने बाहेर पडायचं. मग पुढचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या बाजूला नेऊन जोडायचं आणि गाडी उलट्या दिशेने काढायची. पुण्याहून खिडकीशी तोंड पुढे करून बसलेला प्रवासी दौंडनंतर पाठमोरा प्रवास करायचा. या सगळ्यात वेळ जायचा तो वेगळाच.

यावर उपाय काय केला माहितीये? दोन्ही मार्गांना दौंडच्या आधीच जोडणारा एक छोटासा रूळ टाकला. त्याला कॉर्ड लाईन म्हणतात. त्यावर ‘दौंड कॉर्ड लाईन’ नावाचं स्थानकही झालं. पुणे-मनमाड गाड्यांना आता इंजिन न फिरवता तिथूनच पुढे जाता येतं. शेकडो किलोमीटरच्या रुळांमध्ये ही जोडणी म्हणजे इवलासा तुकडा, पण तेवढ्याने गाड्यांचा वेळ वाचला.

मात्र हे नवं स्थानक मुख्य स्थानकापासून बाजूला आहे. तिथे उतरणाऱ्याला गावात यायला रिक्षा बघावी लागते. म्हणजे गाडीचा वळसा गेला आणि दौंडकराच्या वाट्याला आला! एक वाट जोडताना कुणाचं अंतर घटतं आणि कुणाचं वाढतं, दोन्ही बघावं लागतं ते असं.

रेल्वे नसलेलं शिरूर

आता शिरूरला जाऊ. घोड नदीच्या काठचं हे गाव, म्हणून जुनी माणसं त्याला घोडनदीच म्हणतात. पुण्यापासून शिरूर रस्त्याने साधारण ७० किलोमीटर आणि दौंड रेल्वेने साधारण ७५. म्हणजे जवळजवळ सारखंच. पण शिरूरला रेल्वे नाही. आहे तो पुणे-नगर महामार्ग. दौंडचं उलट. पुणे-सोलापूर महामार्ग दौंड शहरात शिरतच नाही, तो दक्षिणेला कुरकुंभवरून निघून जातो.

परिणाम काय? दौंडचा माणूस पुण्याला निघाला की आधी गाडीची वेळ बघतो. पास काढायचा, डेमू किंवा पॅसेंजर पकडायची. शिरूरचा माणूस एसटी स्टँडवर जातो किंवा स्वतःची गाडी काढतो. वाटेतल्या रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत कामाला असेल तर कंपनीची बस पकडतो. शिरूरकरांना एसटी जास्त आवडते आणि दौंडकरांना रेल्वे, असं काही नाही. दारात जे आलं, त्याची सवय झाली.

पण शिरूरच्या पोटात शिरून बघा. रामआळी, हलवाई चौक असा जुन्या गावाचा भाग. गल्ल्या अरुंद, पण दर थोड्या अंतरावर एकमेकींना मिळणाऱ्या. किराणा, कापड, सोनार, देऊळ, पिठाची गिरणी, सगळं मिसळलेलं. अशा ठिकाणी चार कामं करायला निघालेली आजी गाडी काढायला सांगत नाही. ती पिशवी घेते आणि निघते. जाताना एका बोळाने, येताना दुसऱ्याने.

आता त्याच गावाच्या बाहेर, बायपासकडे आणि फाट्यांकडे जी नवी वस्ती उभी राहते ती बघा. शिरूरच काय, कुठल्याही वाढत्या गावात हे दिसेल. शेतं विकली जातात, प्लॉट पडतात. प्रत्येक प्लॉटिंगवाला आपापल्या जमिनीत आतले रस्ते काढतो. रस्ते जुन्या गल्लीपेक्षा रुंद आणि सरळ. पण शेजारच्या प्लॉटिंगच्या रस्त्याशी त्यांची गाठ पडेलच असं नाही. मध्ये कंपाउंड. आतले सगळे रस्ते शेवटी एकाच गेटमधून महामार्गावर उतरतात. मागच्या भिंतीपलीकडे किराणा दुकान असलं, तरी चपलेला महामार्गावरून फिरून जावं लागतं. रस्ता रुंद असून वळसा मोठा!

महामार्गावर आणखी एक गोष्ट जवळून बघा: दुभाजक. समोरच्या बाजूला दूध आणायला जायचंय आणि दुभाजकाची अधिकृत फट बरीच लांब आहे. मग काय होतं? कुठेतरी झाडं तुडवलेली दिसतात, माती पायांनी गुळगुळीत झालेली दिसते. दुचाकीवाले उलट्या बाजूने येतात. हे चूक आहे आणि धोक्याचं आहे, त्यात शंकाच नाही. पण त्या गुळगुळीत मातीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने बघितलंत तर कळेल, की माणसांना ओलांडायचं कुठे आहे आणि वाट दिलीय कुठे. नगररचनाकार अशा पायवाटांची नोंद घेतात. भुयारी मार्ग किंवा झेब्रा पट्टा कुठे हवा, याचा अंदाज त्यावरून येतो.

सात पुलांचं कोडं

रस्त्यांच्या जोडणीचं गणित करता येतं, हे पहिल्यांदा दाखवलं लिओनार्ड ऑयलर नावाच्या गणितज्ञाने. काळ १७३६. आपल्याकडे तेव्हा पहिले बाजीराव पेशवे होते. तिकडे युरोपात क्योनिग्सबर्ग नावाच्या शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. नदीने शहराचे चार तुकडे केले होते. लोकांचं कोडं असं, की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?

ऑयलरने काय केलं? घरं पुसली, गल्ल्या पुसल्या, अंतरंसुद्धा पुसली. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आणि प्रत्येक पुलाला नुसतं एकेक अक्षर दिलं. आज आपण तेच चार ठिपके आणि सात रेघा असं काढतो. त्या अक्षरांच्या मांडणीवरून त्याने सिद्ध केलं, की असं फिरणं शक्यच नाही. पूल किती लांब, किती रुंद, याने काही फरक पडत नाही. कोण कुणाला जोडलंय, एवढंच महत्त्वाचं. आज मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला वाट दाखवतो, तो शहराला अशाच ठिपक्या-रेघांत बघतो.

डोकं नसलेला इंजिनिअर

यापुढची गोष्ट तर चक्क एका बुरशीसारख्या पिवळ्या, चिकट जीवाची आहे. त्याचं नाव फायसारम. याला मेंदू नाही, डोळे नाहीत. अन्नाच्या शोधात तो पसरतो आणि अन्नाच्या कणांना नळ्यांनी जोडत जातो.

जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो आणि आसपासच्या गावांच्या जागी ओटचे दाणे मांडले आणि फायसारमला टोकियोच्या जागी सोडलं. साधारण दिवसभरात त्याने सगळे दाणे जोडले. आणि ते जाळं टोकियोच्या खऱ्या रेल्वेच्या जाळ्यासारखं दिसत होतं! हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला इग्नोबेल नावाचं बक्षीस देतात, तेही त्याला मिळालं.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी. फायसारम नळ्या उगाच वाढवत नाही, काटकसर करतो. पण अगदी एकेकच नळी ठेवून मोकळाही होत नाही. काही ठिकाणी जादा जोडण्या राखतो. एक नळी तुटली तरी दुसरीकडून अन्न पोचतं. एकाच मोरीवर अख्खं गाव ठेवू नये, हे त्या बिनडोक जीवालाही कळतं!

मग सगळा दोष रस्त्यांचाच का?

नाही, तसं म्हटलं तर फसगत होईल. एप्रिलच्या उन्हात जोडलेली गल्लीही नकोशी होते. दिवे नसतील तर क्लासहून संध्याकाळी परतणारी मुलगी जवळची वाट सोडून लांबची, उजेडाची वाट धरते. खिशात पैसे किती, घरी गाडी आहे का, बस वेळेवर येते का, हेही सगळं मोजावं लागतं.

रीड यूइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० मध्ये अशा विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. कोणत्या गोष्टीचं चालण्याशी सगळ्यांत घट्ट नातं आहे? त्यांना तीन गोष्टी ठळक दिसल्या. चौक दाट असणं, घरं-दुकानं-कामाच्या जागा मिसळून असणं आणि पायी पोचता येतील अशी ठिकाणं जवळ असणं. आता डोळ्यांसमोर हलवाई चौक आणा आणि सांगा, तिन्ही गोष्टी तिथे सापडतात की नाही?

आता तुमची पाळी

तुमच्या भागाचा नकाशा मिळवा. मोबाइलवरून बघून कागदावर उतरवलात तरी चालेल, फक्त प्रमाण सांभाळा. घर आणि शाळा यांच्यामध्ये पट्टी ठेवा. ते कावळ्याचं अंतर. मग तुमच्या रोजच्या वाटेवर दोरा वळणावळणाने ठेवत जा, सरळ करून मोजा. ते चपलेचं अंतर. भागाकार करा. वळसा किती आला?

वर्गातल्या सगळ्यांचे वळसे फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाच्या आकड्यापुढे तो शाळेत कसा येतो तेही लिहा. चालत, सायकलवर की गाडीवर? मोठ्या वळशाची मुलं गाडीने येतात का, ते तपासा. तसं दिसलं नाही, तरी ती नोंदच आहे. मग कारण शोधायचं.

शेवटी नकाशावर अशी एकच जागा शोधा, की जिथे वाट उघडली तर सगळ्यांत जास्त मुलांचा वळसा कमी होईल. एखादं बंद फाटक असेल, दोन प्लॉटिंगमधली भिंत असेल, ओढ्यावरचा नसलेला साकव असेल. गुरुजींना किंवा बाईंना सोबत घेऊन तो नकाशा ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत दाखवा. आकडे मात्र न्यायला विसरू नका. ‘लांब पडतं’ म्हणणाऱ्याला ‘बघू’ असं उत्तर मिळतं. ‘वळसा अडीच आहे आणि वर्गातल्या इतक्या मुलांना आहे’ असं सांगणाऱ्याला निदान खुर्ची तरी मिळते.

आणि हो, एक कोडं. सायलीच्या वहीतल्या गावात रेल्वे तिथेच ठेवा. मोरी एकच बांधायची, पण कुठे ते तुम्ही ठरवायचं. सायलीच्या घराच्या उभ्या रेघेला शून्य म्हणा, पुढच्या रेघा एक, दोन, तीन. तीनवर शाळा. मोरी कोणत्या रेघेवर बांधली, तर ७०० मीटरच्या सर्वाधिक वाटा शिल्लक राहतील?

(उत्तर: दुसऱ्या रेघेवर. तिथे १२ वाटा मिळतात. शून्यावर ४, पहिल्या रेघेवर ९ आणि तिसऱ्या रेघेवर १०. चारही आकड्यांची बेरीज करून बघा, किती येते?)